जनावर

जुलैच्या शेवटी, पाऊस धड पडतही नव्हता आणि धड थांबतही नव्हता अशा एका सकाळी दादाचा फोन आला. सात वाजले असतील. मी ओट्यापाशी उभी राहून कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत होते. त्या वेळी दादा कधी फोन करत नाही, तो धारा काढून डेअरीला दूध घालायला गेलेला असतो, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघूनच पोटात धस्स झालं, आईचं काही नाही ना. तो म्हणाला, "जनावराला जनावर डसलं गं. पहाटं गेलं." मला दोन क्षण काही कळलंच नाही, पुण्यात अठ्ठावीस वर्षं काढल्यावर असं होतं, वाक्य कानात शिरतं पण आत जायला वेळ लागतो. मग कळलं. हरण्याला साप चावला होता. हरण्या म्हणजे आमचा खिल्लार बैल, नऊ वर्षं दावणीला होता. सुटकेचा जो श्वास टाकतो ना आपण, तो टाकून मी म्हणाले, आणि हे अगदी मनापासून, त्याला धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "जाऊ दे दादा, जनावरच होतं, घरात माणसांना कोणाला काही झालं नाही हे नशीब." पलीकडे एकदम गप्प. मागे वहिनी बादली आपटत होती तेवढं ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "व्हय, जनावरच की." आणि फोन ठेवला.

कुकरच्या नंतर किती शिट्ट्या झाल्या मी मोजल्या नाहीत.

तो दिवसभर ते वाक्य माझ्या मागे होतं. त्याचं नाही, माझं. एकच शब्द, दोघांनी वापरला, तोही दोन मिनिटांच्या आत, आणि त्याच्या तोंडून निघाला तेव्हा त्यात काहीतरी होतं जे माझ्या तोंडून निघाला तेव्हा नव्हतं. त्यानं 'जनावर' म्हटलं त्यात हरण्या होता, त्याच्या कपाळावरचा भोवरा होता, शिंगांची ती मागे वळून पुन्हा वर गेलेली कमान होती. मी म्हटलं त्यात एक वस्तू होती, गेली तर दुसरी आणता येते अशी. आणि माझा तर पोटापाण्याचा धंदाच शब्दांचा. मी पुस्तकांची प्रूफं तपासते, दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ बघत बसते, एखाद्या लेखकानं चुकीच्या जागी शब्द टाकला तर पेन्सिलीनं गोल करून समासात प्रश्नचिन्ह काढते. त्या दिवशी समोर एका कादंबरीची प्रूफं होती आणि त्यात तिसऱ्याच पानावर एक बाई नवऱ्याला म्हणत होती, 'माणूस आहेस का जनावर'. मी पेन्सिल खाली ठेवली.

आमच्याकडे, म्हणजे सांगोल्याच्या त्या कोरड्या माळावर, जनावर या शब्दाचे दोन अर्थ असतात आणि कुठला कधी घ्यायचा हे लहान पोरालाही कळतं. दिवसा जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस. जनावरं सोडा, जनावरांना पाणी दाखवा, जनावरांचा दवाखाना, जनावरांचा बाजार. पण एकदा तिन्हीसांजा झाल्या, की जनावर म्हणजे साप. "वाटंनं बघून जा, जनावर असतंय." सापाला साप म्हणायचंच नाही रात्रीचं. आजी म्हणायची, नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं. मग लांबडं म्हणायचं, किरडू म्हणायचं, नाहीतर सरळ जनावर. चावलं तरी चावलं म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. मला लहानपणी वाटायचं खरंच कुठलंतरी पान असेल, विषारी, पायाला घासून गेलं की माणूस मरतो, आणि मी बरेच दिवस रुईच्या झाडापासून लांबून चालायचे. आपल्याकडे हे सगळं असंच आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, घरातून निघताना जाते नाही, येते म्हणायचं. ज्याची भीती वाटते त्याला आपण मोठं, साधं, कुणालाही लागू पडेल असं नाव देऊन टाकतो, म्हणजे त्याला वाटावं आपल्याबद्दल बोलत नाहीयेत. घाटातले, जंगलाकडचे लोक वाघालाही मोठं जनावर म्हणतात. आणि हे फक्त आपल्याच लोकांचं नाही हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, रशियन भाषेत अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात म्हणजे मध खाणारा, त्यातला 'मेद' तो आपला मधु. अस्वलाचं खरं जुनं नाव त्या लोकांनी भीतीपोटी उच्चारायचंच सोडलं आणि ते त्यांच्या भाषेतून पुसून गेलं. आपल्याकडे संस्कृतात ते ऋक्ष म्हणून राहिलं.

तर जनावराला जनावर डसलं या वाक्यात एक शब्द प्रेमाचा होता आणि दुसरा भीतीचा, आणि दोन्ही तोच.

संध्याकाळी मी कपाटातून कोश काढले. दुःख झालं की लोक देवाजवळ बसतात, मी कोशाजवळ बसते, त्याला इलाज नाही. जनावर हा शब्द फारसी आहे एवढं मला माहीत होतं. माधवराव पटवर्धनांनी फार्शी-मराठी कोश केला तो १९२५ सालचा, तेव्हापासून मराठीत किती फारसी मुरलेली आहे हे सगळ्यांसमोर आहेच, बाजार, दरवाजा, जमीन, हंगाम, आपण रोज बोलतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द बसवले, पण गोठ्यातला बैल काही फारसी सोडायला तयार झाला नाही, तो जनावरच राहिला. पण माहीत असणं वेगळं आणि शब्द उघडून बघणं वेगळं. इतकी वर्षं मी हा शब्द एकसंध ढेकळासारखा वापरत होते. तो जोडलेला आहे. मूळ फारसी 'जानवर'. जान अधिक वर. 'वर' म्हणजे ज्याच्याजवळ ते आहे तो, ताकतवर म्हणतात ना, तसं. जान म्हणजे आपली तीच जान, जानी दोस्तातली, 'आता कुठं अंगात जान आली' मधली. आपल्या तोंडात काना इकडचा तिकडे गेला आणि जानवरचं जनावर झालं, आणि त्या उलटापालटीत आतली जान झाकली गेली. हिंदीवाल्यांना निदान ऐकू तरी येते.

म्हणजे जनावर म्हणजे जीव असलेलं. बास, एवढंच. चार पायांचं नाही, शेपटीचं नाही, मुकं नाही, अडाणी नाही. ज्याच्यात जीव आहे ते.

मग एक धागा ओढला की सगळं उसवत जातं तसं झालं. प्राणी. शाळेत प्राणी आणि वनस्पती असे दोन रकाने पाडताना कधी लक्षातच आलं नाही की प्राणी म्हणजे प्राण असलेला. आणि प्राण म्हणजे मुळात श्वास, 'अन्' म्हणजे श्वास घेणे, त्या धातूपासून. त्याच धातूतून अनिल, वारा. आणि इंग्रजीतला अ‍ॅनिमल तो लॅटिन 'अ‍ॅनिमा'वरून, अ‍ॅनिमा म्हणजे पुन्हा श्वास, जीव, आणि हा अ‍ॅनिमा आणि आपला 'अन्' एकाच जुन्या मुळाचे. फारसी जानसुद्धा, भाषेचे अभ्यासक मानतात की मागे मागे गेलं तर श्वासाच्या याच धातूपाशी पोचते, आपल्या पंचप्राणांतला व्यान तिच्या नात्यातला. हे वाचताना मला एकदम शाळेतल्या एका मैत्रिणीचं घर आठवलं. तिचे आजोबा जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवून पुटपुटायचे, प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, आणि आम्ही दोघी भुकेनं व्याकूळ होऊन त्यांचं कधी संपतंय याकडे बघायचो. पाच श्वासांना पाच घास. त्यानंतर तिची आजी पानातली एक पोळी बाजूला काढायची, गाईसाठी. मला तेव्हा वाटायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आईचा शब्द? आई जनावर कमी म्हणते, ती म्हणते जित्राब. "जित्राबं उपाशी हायती." "जित्राबाच्या जिवाला गोड लागंना." हा शब्द पुण्यात कुणाला सांगितला तर हसतात, सिनेमातला वाटतो त्यांना. पण कान देऊन ऐका, त्यात पहिलाच आवाज 'जितं' चा आहे, जितं म्हणजे जिवंत. आमच्या आईला ना फारसी येते ना संस्कृत, तिचं शिक्षण तिसरी, पण ज्या शब्दात जीव ऐकू येतो तोच तिनं धरून ठेवला.

मला या शोधाचा आनंद झाला का, तर हो, झाला. खोटं कशाला बोलू. आणि लगेच लाजही वाटली, की तिकडे बैल मेलाय, भाऊ माझ्यावर नाराज होऊन बसलाय आणि मी इकडे दिवा लावून शब्दाची साल काढतेय.

पण मग मी हा शब्द कसा वापरते ते मोजायला लागले. सिग्नल तोडून अंगावर आलेल्या बाइकवाल्याला मी म्हणाले होते, जनावर आहेस का रे. मुलगा लहान असताना आधाशासारखा खायचा तेव्हा म्हणायचे, जनावरासारखं खाऊ नकोस. पेपरात रोज असतं, जनावरासारखी मारहाण. या शेवटच्या शब्दप्रयोगावर मी फार वेळ अडकले, कारण त्यात आपण काय कबूल करून बसलोय बघा, की जनावराला तसं मारणं ठीकच असतं, चूक एवढीच की माणसाला तसं मारलं. जनावरासारखं वागणं म्हणजे क्रूर वागणं असंही आपण म्हणतो. हरण्यानं नऊ वर्षांत कुणाला शिंग लावलं नाही. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याच्या पोटाखालून इकडून तिकडे रांगत गेला होता, आणि तो बैल, साडेचारशे-पाचशे किलोचा असेल, त्यानं पाय उचललेला तसाच अधांतरी धरला, पोरगं पलीकडे निघेपर्यंत. वहिनी किंचाळली, दादा पळत आला, आणि हरण्या तीन पायांवर उभा. मग हळूच पाय खाली ठेवला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि तरी मी बाइकवाल्याला जनावर म्हणते.

गावाकडे हा शब्द शिवीसारखा वापरत नाहीत असं नाही, वापरतात की. पण तिथे त्याच्या आधी बऱ्याचदा एक विशेषण येतं, मुकं. मुकं जनावर. "मुक्या जनावराला कशाला मारतोस" हे वाक्य मी लहानपणी शंभर वेळा ऐकलं असेल. मुकं म्हणजे त्याला सांगता येत नाही, म्हणून तू ओळख. जबाबदारी बोलणाऱ्यावर. शहरात येताना आपण शब्द आणला आणि ते मुकं तिकडेच राहिलं.

व्याकरणाचीसुद्धा एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. दादा म्हणाला, "पहाटं गेलं." बैल गेला, हरण्या गेला, पण जनावर गेलं. नपुंसकलिंग. शाळेत शिकवतात नपुंसकलिंग म्हणजे निर्जीव वस्तूंचं, टेबल, पुस्तक. पण आपल्या मराठीत सगळ्यात मायेचे शब्द नपुंसकलिंगी आहेत. ते बाळ, ते लेकरू, ते पोरगं, ते वासरू, ते पाखरू, ते कोकरू. आणि यातला जो 'रू' आहे त्याची गोष्ट तर फार सुंदर आहे. वासरू म्हणजे वत्सरूप. पाखरू म्हणजे पक्षिरूप. गुरू, गुरंढोरं मधलं, ते गोरूप. रूप झिजत झिजत नुसतं रू उरलं, आणि मग लोकांना तो रू इतका आवडला की तो ज्याच्या ज्याच्यावर जीव आहे त्याला लागल्यासारखा झाला. म्हैस हा शब्द आपण जाड बाईसाठी वापरतो पण ती आहे महिषी, आणि महिषी म्हणजे पट्टराणी. गोठा हा गोष्ठ, गाई उभ्या राहायची जागा, आणि तिथे माणसं जमून बोलायला लागली ती गोष्ठी, त्यावरून आपली गोष्ट. म्हणजे आपण पोरांना झोपताना जी सांगतो ती गोष्ट गोठ्यातून आलीय. मला यात नवल वाटलं नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी मी गोठ्यातच ऐकल्यात, कडब्याच्या पेंढीवर बसून, वडील धार काढताना, चरवीत दुधाची धार आधी कडक वाजायची आणि भरत आली की मऊ व्हायची, त्या आवाजावर.

आळेफाट्याजवळ आळे गाव आहे, तिथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात तो रेडा. त्या कथेत मला चमत्कारापेक्षा त्याच्या आधीचं वाक्य जास्त लागतं. तिथला कुणीतरी हसून म्हणतो, नावात काय आहे, तो बघा पखालीचा रेडा चाललाय, त्याचंही नाव ज्ञाना. खिजवायला म्हटलेलं. आणि ज्ञानेश्वर म्हणतात, हो, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ यांच्या पाठीवर उमटले. पुढे पसायदानात त्यांनी मागितलं ते 'प्राणिजात' साठी. माणसांसाठी असा शब्द नाही वापरला तिथे. शाळेत आम्ही रोज म्हणायचो, डोळे मिटून, एका सुरात.

पण मला हे सगळं इतकं गोडही करायचं नाही. कारण ज्या गावात बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात त्याच गावात माणसांना कसं वागवलं ते मी विसरले तर शब्दाशी बेइमानी होईल. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी प्यायलं तेव्हा ते नुसतं पाणी नव्हतं. आमच्या गावातही मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम एका वस्तीचंच मानलेलं. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून लोकांनी ते काम टाकलं. आई तिच्या सासऱ्याची, म्हणजे आमच्या आजोबांची, गोष्ट सांगते. ज्या वर्षी त्या वस्तीतल्या लोकांनी निरोप पाठवला की आम्ही आता येणार नाही, त्या वर्षी आमची एक गाय गेली. आजोबा संध्याकाळपर्यंत चिडून बसले, शिव्या दिल्या. मग रात्री स्वतः कुदळ घेऊन बांधाला खड्डा खणला, मीठ टाकलं, स्वतःच्या हातानं गाय खड्ड्यात लोटली. आणि आई म्हणते, परत आले तेव्हा रडत होते, त्याआधी कधी जनावर मेल्यावर रडले नव्हते. मी यावर खूप विचार केलाय. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानं उचलायला लावलं त्याचं वजन त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं असणार. गाईचंही आणि ज्यांच्याकडून उचलून घेतलं त्यांचंही. निदान मला तसं वाटतं, त्यांनी असं काही म्हटल्याचं आई सांगत नाही.

हरण्या आणि पाखऱ्या आम्ही कार्तिकीच्या बाजारातून आणले होते. पंढरपूरजवळ वाखरीला भरतो तो. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी त्या बाजारात जायचे, मला तो विठ्ठलापेक्षा जास्त आठवतो, देवानं राग मानू नये. धूळ, शेणाचा आणि भज्यांचा एकत्र वास, शिंगं तासून रंगवलेली, गोंडे, घुंगराच्या माळा, आणि पांढऱ्याशुभ्र खिल्लारांच्या रांगाच्या रांगा, मध्येच एखादा कोसा, एखादा काजळी. माणसं जनावराचं तोंड उघडून दात बघायची. आदात, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेलं, दातांवरून वय. भाव तोंडानं बोलायचे नाहीत, उपरण्याखाली दोघांचे हात जायचे आणि बोटं धरून आकडा सांगायचे, वरून चेहरे दगडासारखे. मला वाटायचं उपरण्याखाली काहीतरी गुपित चाललंय जे बैलाला कळू नये. नऊ वर्षांपूर्वी दादा मला घेऊन गेला तेव्हा दोन्ही दोनदाती होते. दलाल बोलत होता आणि दादा त्याच्याकडे बघतच नव्हता, तो हरण्याच्या नाकपुडीसमोर तळहात धरून उभा होता. मी विचारलं काय बघतोस. म्हणाला, "दम बघतूय."

दम म्हणजेही फारसीत श्वासच.

आता हरण्याच्या कानात पिवळा टॅग होता, बारा आकडी नंबरचा, आपल्या आधारला असतात तेवढेच आकडे. त्याच्याशिवाय आता विकता येत नाही, सरकारी मदत मिळत नाही. दोन हजार बावीसला लम्पी आला तेव्हा बाजार बंद पडले, घराघरात गाठी आलेली जनावरं उभी होती, दादा रोज व्हिडिओ कॉल करून मला दोघांचं अंग दाखवायचा, बघ, काही नाही ना. त्यातून वाचला. दुष्काळात चारा छावणीत राहून आला होता, त्यातून वाचला. आणि यंदा बेंदूर होऊन तीन आठवडे झाले नव्हते. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना त्याच्या कानात दादानं सांगितलं असणार, आवतण घ्या, उद्या जेवायला या. अहो-जाहो करतात त्या दिवशी बैलाला. पुरणपोळी भरवली असणार.

कडब्याच्या गंजीत उंदीर, उंदरामागे घोणस. रात्री वैरणीत तोंड घातलं आणि नाकपुडीच्या वर चावा. वहिनीनं नंतर सगळं सांगितलं, तोंड सुजून दुप्पट झालं, नाकातून रक्त, रात्री डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले, लस दिली. ती लस घोड्याच्या रक्तातून काढतात, घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचून. म्हणजे त्या रात्री आमच्या गोठ्यात साप होता, बैल होता आणि बाटलीत घोडा होता, आणि माणसांमध्ये दादा होता, कंदिलासारखा मोबाइलचा टॉर्च धरून. पहाटे चारला हरण्यानं मान टाकली. पाखऱ्या शेजारच्या दावणीला बांधलेला, त्याला कुणी सोडलं नाही, सुचलंच नाही कुणाला. सगळं बघत होता.

ऑगस्टच्या शेवटी सुट्टी टाकून मी गेले. दादा स्टॅंडवर आला होता, बोलला नेहमीसारखं, पोरांचं विचारलं, पण हरण्याचा विषय त्यानं काढला नाही आणि मला काढता येईना. बांधावरच्या चिंचेखाली माती अजून वेगळ्या रंगाची होती. तिथं नेऊन दाखवेल वाटलं, नेलं नाही. जेवताना मी आईला जनावर शब्दाचं सांगितलं, फारसी, जान, जीव असलेलं ते. मला वाटलं तिला कौतुक वाटेल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग? जीव असलंलंच की. न्हाईतर कसलं?"

रात्री झोप येईना म्हणून उठले. आईला चाहूल लागली, अंधारातूनच म्हणाली, "पायाखाली बघ गं, जनावर असतंय." टॉर्च खाली मारत गोठ्यात गेले. पाखऱ्या उभा होता, डाव्या अंगाला, जुवाला जसा उभा राहायचा तसाच, उजवीकडे एका बैलाची जागा सोडून. ती दावण रिकामी होती पण दावं काढलेलं नव्हतं. मी जवळ गेले, टॉर्च बंद केला, तळहात त्याच्या नाकपुडीसमोर धरला. गरम, ओला, कडब्याच्या वासाचा श्वास मनगटापर्यंत आला, थांबला, परत आला. कितीतरी वेळ मी तशीच उभी. मागून दादाचा आवाज आला, तोही जागाच होता. "रात्री बसत न्हाई आता. उभाच असतोय." मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी फोनवर मी जे म्हणाले ना..." त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाला, "मानंखाली खाजव त्याला. पोळीला. हरण्या चाटायचा तिथं."

मी गळ्याच्या पोळीखाली हात घातला आणि खाजवत राहिले. पाखऱ्यानं हळूहळू मान लांब केली आणि तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर टाकलं.